साडेआठला बंद होणारी चूल

जून महिना, रात्रीचे पावणेनऊ. स्टुटगार्टला नोकरी करणारा मुलगा, सून, शाळकरी नात आणि उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेले आजी-आजोबा ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका खेड्यात गाडीतून उतरतात. बारा खोल्यांचं हॉटेल, दोन रात्रींचं आरक्षण. बाहेर अजून चांगला उजेड आहे, खालच्या जेवणघरात गावातली माणसं गप्पा मारत बसली आहेत, त्यामुळे प्रवासाचा शीण तिथेच अर्धा उतरतो. एवढ्यात मालकीणबाई येऊन हसतमुखाने सांगतात, की स्वयंपाकघर साडेआठला बंद झालं. पाव, चीज, आंबवलेली काकडी असं थंड ताट देता येईल. गरम काही मिळणार नाही.

अशा वेळी मराठी पाहुण्याचा चेहरा पडतो. आपल्याकडे रात्री अकराला दार वाजवलं तरी पिठलं-भात टाकणारी घरं आहेत, हमरस्त्यावरच्या ढाब्याचा तवा पहाटेपर्यंत तापलेला असतो. पैसे मोजूनही गरम जेवण न मिळणं त्याला अपमानासारखं वाटतं, आणि घरी परतल्यावर ‘जर्मन माणूस कोरडा’ असा शेरा मारला जातो. जर्मनीच्या ग्रामीण भागातल्या घरगुती हॉटेलांबद्दल ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. ती समजण्यासारखी आहे. पण साडेआठला चूल का बंद होते याच्या मुळाशी गेलं, तर कोकणात स्वतःच्या घराला हॉटेल करू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या कामाचं काहीतरी हाती लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे त्या चुलीपाशी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा मालकीणबाईंचा नवरा किंवा मुलगा असतो. त्याच्या हाताखाली एखादा आचारी आणि एखादी मदतनीस. मालक स्वतः किती तास राबतो हे कुणी विचारत नाही, पण नोकरीवरच्या माणसाला जर्मनीचा कामाच्या वेळांचा कायदा लागू आहे. रोजचं काम आठ तास, फार तर दहा. आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती. हॉटेल व्यवसायाला यात एका तासाची सूट आहे, तीही नंतर भरून द्यावी लागते. आता हिशेब करून पाहा. रात्री नऊला हात धुऊन निघालेला आचारी सूट धरूनही सकाळी सातच्या आत कामावर येऊ शकत नाही, आणि न्याहारी सातला मांडलेली हवी. म्हणजे न्याहारीची तयारी घरच्याच कुणीतरी पहाटे उठून करायची. साडेआठची वेळ अशी ठरते. गरम सूप आणखी तासभर चालू ठेवलं, तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी पहाटे घरातल्या बाईला करावी लागते.

युरोप सहलीला गेलेल्या मराठी मंडळींना ब्लॅक फॉरेस्ट नवा नाही. सहलीच्या बसेस टिटीसी तलावाकाठी थांबतात, कुकू क्लॉक कसं बनतं ते पाहून होतं, चेरी घातलेल्या केकचा तुकडा चाखून होतो, आणि संध्याकाळच्या आत बस ऱ्हाईनच्या धबधब्याकडे किंवा पुढच्या शहराच्या वेशीवरच्या मोठ्या हॉटेलाकडे निघते. रात्रीच्या जेवणाला वरण-भात मिळेल याची सोय आधीच केलेली असते. थोड्या दिवसांत खूप पाहायचं असेल तर ही रचना सोयीची आहे, यात वाद नाही. पण या रचनेत जर्मनीचं खेडं फक्त खिडकीतून दिसतं. ते आतून पाहायचं असेल तर गास्टहोफमध्ये राहावं लागतं, आणि एक रात्र राहून भागत नाही. पहिल्या रात्री पाहुणा परका असतो. दुसऱ्या रात्री घर त्याला ओळखू लागतं.

गास्टहोफ म्हणजे खाली खाणावळ आणि वर मुक्कामाच्या खोल्या. ओक्स, लोवे, आडलर, क्रोने, लिंडे, पोस्ट, म्हणजे बैल, सिंह, गरुड, मुकुट, लिंडेन वृक्ष, टपाल, ही नावं दर पाच-दहा गावांनंतर पुन्हा भेटतात. दारावर लोखंडी नक्षीकामात तीच आकृती टांगलेली असते. वाचता न येणाऱ्या वाटसरूलाही घर ओळखता यावं हा त्यामागचा जुना हेतू. टपालाच्या घोड्यांचा टप्पा जिथे असे तिथलं घर ‘पोस्ट’ झालं. बरीचशी घरं मुळात दुसऱ्याच धंद्याची होती. कुणाची बेकरी, कुणाचा खाटिकखाना, कुणाची मद्यभट्टी, कुणाची नुसती शेती. मुक्काम हा जोडधंदा म्हणून आला आणि हळूहळू मुख्य झाला. आजही काही ठिकाणी घराच्या एका बाजूला मांसाचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला हॉटेलचं दार असतं.

आत शिरलं की कोपऱ्यात एक मोठं, बहुधा गोल टेबल दिसतं. जागा रिकामी असली तरी पाहुण्याने तिथे बसायचं नसतं. त्यावर ‘श्टामटिश’ अशी पाटी असते. हे गावकऱ्यांचं टेबल. सुतार, निवृत्त मास्तर, गावच्या अग्निशमन दलातले स्वयंसेवक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी इथे येतात. जर्मनीत खेड्यांतली अग्निशमन दलं बहुतांशी स्वयंसेवकांवर चालतात आणि त्यांच्या कितीतरी बैठका अशा टेबलांवर पार पडतात. गायनमंडळाची तालीम याच घराच्या माडीवर, लग्नाची पंगत याच घरात, आणि दफनविधीनंतर गाव एकत्र जेवतं तेही इथेच. त्यामुळे असं घर बंद पडलं की पर्यटकाला पुढच्या गावात खोली मिळते, पण गावाची बसायची जागा जाते. पाहुणा जिथे दोन रात्री झोपतो ती जागा आधी गावाची आहे आणि मग त्याची, हे त्या टेबलावरून पहिल्याच संध्याकाळी कळतं.

रात्री रिसेप्शनवर कुणी नसतं. मुळात रिसेप्शन म्हणजे दारूच्या काउंटरचा एक कोपरा. लाकडाचा किंवा पितळेचा जड लोलक लावलेली एकच किल्ली पाहुण्याच्या हातात येते. तिनेच खोली उघडते आणि तिनेच घराचं मुख्य दार. जिन्याच्या वळणावर एखादा फ्रिज असतो, त्यात पाण्याच्या आणि बिअरच्या बाटल्या, वर दोरीला बांधलेली पेन्सिल आणि वही. जे घेतलं त्यापुढे आपल्या खोलीचा नंबर लिहायचा, हिशेब निघताना होतो. खोलीत एसी नसतो, जाड भिंती आणि खाली ओढायच्या झडपा असतात. दोघांच्या पलंगावर पांघरुणं दोन, वेगवेगळी घडी घातलेली. परदेशी पाहुण्याला नोंदणीचा कागद भरून सही करावी लागते. जर्मन नागरिकांची त्यातून जानेवारी २०२५ पासून सुटका झाली आहे.

सकाळची न्याहारी हा या घरांचा खरा मान. टेबलावर खोलीच्या नंबराची चिठ्ठी असते आणि मुक्काम संपेपर्यंत ते टेबल त्याच पाहुण्याचं राहतं. पावाचे चार-पाच प्रकार, त्यात बाहेरून कडक आणि आतून ऊबदार असे छोटे गोल पाव. चीज, थंड मांसाच्या चकत्या, दह्यासारखं घट्ट क्वार्क, दाणे आणि सुकामेवा घातलेलं म्युस्ली. बरणीवर हाताने लिहिलेलं लेबल असतं, जाम घरच्या बेरींचा किंवा आलुबुखारचा, मध शेजाऱ्याकडचा. उकडलेलं अंडं छोट्या कपात उभं, वर गार होऊ नये म्हणून विणलेली टोपी. ती टोपी कुणीतरी घरी बसून विणलेली असते, आणि रंगही एकसारखे नसतात. मालकीणबाई कॉफीची किटली घेऊन येतात तेव्हा आज कुठे चालायला जाणार हेही विचारतात. वाट दुरुस्तीसाठी बंद असेल तर सांगतात, दुपारी पाऊस असेल तर उलट दिशेने जा म्हणतात. मोठ्या हॉटेलात हे सांगायला वेगळा माणूस नेमलेला असतो. इथे सांगणारी बाई त्याच वाटेने लहानपणी शाळेत गेलेली असते.

शाकाहारी मराठी माणसाने मात्र आधी कळवलेलं बरं. घरगुती जागेत हा फायदा असतो, की दोन दिवस आधी ईमेल केला तर खरोखर सोय होते. चीजमध्ये घोळलेले श्पेट्झले हे त्या भागातलं पोटभरीचं शाकाहारी जेवण. वर तळलेला कांदा पडतो, आणि मुलांना ते हमखास आवडतं. पण धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं फ्लेडले सूप दिसायला शाकाहारी असलं तरी त्याचं पाणी बहुधा गोमांसाचं असतं, आणि माउलटाशनच्या पारीत सहसा मांसाचं सारण. विचारलं की स्पष्ट उत्तर मिळतं. मे-जूनमध्ये पांढरा शतावरीचा कोंब, म्हणजे श्पार्गेल, प्रत्येक पाटीवर दिसतो. २४ जूनला त्याचा हंगाम परंपरेने संपतो आणि मग कितीही पैसे दिले तरी चांगल्या घरात तो मिळत नाही.

आठवड्याची सुट्टी हा मराठी पाहुण्याला दुसरा धक्का. सोमवारी किंवा मंगळवारी दारावर पाटी लागते आणि खाणावळ बंद राहते. राहणाऱ्यांना न्याहारी मिळते, पण रात्रीच्या जेवणाला शेजारच्या गावात जावं लागतं. पूर्वी ही सुट्टी एक दिवसाची होती. माणसं मिळेनाशी झाल्यापासून कितीतरी घरांनी ती दोन दिवसांची केली आहे. रविवारी दुकानं बंद असतात, ही तर राज्यघटनेतून आलेली गोष्ट. रविवारच्या विश्रांतीचं संरक्षण करणारं वायमार घटनेतलं कलम जर्मनीने १९४९ च्या आपल्या मूलभूत कायद्यात जसंच्या तसं सामावून घेतलं. त्यामुळे खायचं-प्यायचं सामान शनिवारी घेऊन ठेवायचं, हे तिथे राहणारं मराठी कुटुंब पहिल्या महिन्यात शिकतं.

गुहागर, दिवेआगर, तारकर्ली या भागांतल्या घरगुती मुक्कामाच्या जागा याच्याशी ताडून पाहाव्यात. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने आणि त्याहून जास्त लोकांच्या स्वतःच्या हिमतीने कोकणात हा व्यवसाय उभा राहिला. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आज मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात आणि प्रत्येक लांब सुट्टीला या घरांच्या अंगणात गाड्या लावायला जागा उरत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर अडकलेली गाडी रात्री साडेदहाला पोहोचते आणि तेव्हा घरातली बाई सुरमई तळायला घेते. सोलकढी करते, भाकऱ्या थापते, मुलांसाठी वेगळा वरण-भात लावते, आणि सकाळी साडेसहाला चहासाठी पुन्हा उभी असते. तिच्या आदरातिथ्याचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. तिच्या आठवडी सुट्टीचा विषय मात्र कुणी काढत नाही. पाच-सात हंगाम असे काढल्यावर पाठ धरते, सून मुंबईत नोकरी धरते, आणि चांगली चाललेली जागा बाहेरच्या माणसाला चालवायला दिली जाते. खोल्या त्याच राहतात, पण ज्या हातच्या जेवणासाठी लोक येत होते ते हात तिथे नसतात.

साडेआठला चूल बंद करणारं जर्मन कुटुंब पाहुण्याला कमी लेखत नाही, पुढच्या तीस वर्षांचा विचार करून वागतं. ही वेळ कोकणात साडेआठच असावी असं नाही; आपली जेवायची वेळच वेगळी आहे. पण वेळ ठरलेली असावी, ती आरक्षण करतानाच सांगितलेली असावी, आणि आठवड्यातला एक दिवस घर घराचं असावं, एवढं तरी सुरुवातीपासून धरून चालायला हवं. पाहुणे तुटतील ही भीती खरी आहे. पण ज्या पाहुण्याला वेळ आधी ठाऊक असते तो रत्नागिरीला जेवून येतो आणि रागवत नाही.

पिढ्यांचा हिशेब पाहायचा तर बायर्सब्रॉनला जावं. श्वार्त्सवाल्डच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या, उत्तर भागातली ही सुमारे पंधरा हजार वस्तीची ग्रामपंचायत, जंगलात विखुरलेल्या वाड्यांची. तिच्या टोनबाख वाडीत १७८९ मध्ये एका बेकरीला जोडून लाकूडतोड्यांसाठी खाणावळ निघाली. ती फिंकबायनर कुटुंबाची. त्याच घराचं आजचं नाव ट्राउबे टोनबाख. कुटुंबाची आठवी पिढी ते चालवते आणि त्यातल्या श्वार्त्सवाल्डश्टुबे या जेवणघराला मिशलिनचे तीन तारे आहेत. ५ जानेवारी २०२० च्या पहाटे आगीत मूळ जुनी इमारत जळून गेली, जेवणघरासकट. कुटुंबाने तात्पुरत्या बांधकामात चूल पुन्हा पेटवली, करोनाची टाळेबंदी सोसली, आणि २०२२ मध्ये नवी इमारत उघडली. त्याच बायर्सब्रॉनच्या मिटेलटाल वाडीत हेरमिने बाराइस या युद्धात नवरा गमावलेल्या बाईंनी १९५१ मध्ये हॉटेल सुरू केलं. पुढे मुलगा, मग नातू अशी ती गादी चालत आली, आणि तिथल्या जेवणघरालाही तीन तारे मिळाले. एका ग्रामपंचायतीत तीन ताऱ्यांची दोन जेवणघरं, आणि दोन्ही घरगुती हॉटेलांत. ही दोन्ही घरं आता श्रीमंती मुक्कामाची आहेत आणि सामान्य प्रवाशाच्या खिशाबाहेरची. पण ती सुरू झाली ती बारा खोल्यांच्या शेजाऱ्यासारखीच.

आठ पिढ्या एक घर एका कुटुंबात कसं राहतं? श्वार्त्सवाल्डमध्ये याचं एक कारण जमिनीच्या वारशात आहे. तिथे शेत, जंगल आणि घर मिळून एकसंध वाडी मानली जाई आणि ती अख्खी एकाच वारसाकडे जाई. अनेक ठिकाणी हा वारस धाकटा मुलगा असे. बाडेनमध्ये १८९८ साली या न फुटणाऱ्या वाड्यांसाठी खास कायदा झाला. बाकीच्या भावंडांना थोडीफार भरपाई मिळे. त्यांतले काही भावाच्याच शेतावर गडी म्हणून राहिले, काहींनी अमेरिकेची वाट धरली, काहींनी हिवाळ्यात लाकडी घड्याळं घडवायला घेतली, आणि पर्यटक आज जी कुकू क्लॉक विकत घेतात त्या धंद्यात अशा भावंडांचा मोठा वाटा आहे. या पद्धतीत अन्याय होता आणि तो बहिणींवर सर्वांत जास्त होता. ती जशीच्या तशी कुणी मागू नये. पण तिच्यामुळे घराचे तुकडे पडले नाहीत, हेही तितकंच खरं.

कोकणातलं चौसोपी घर पाहिलं तर उलट चित्र दिसतं. सातबाऱ्यावर किंवा घरपत्रकावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी बोरिवली-डोंबिवलीत, दोन अमेरिकेत, एक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. गणपतीत सगळे एकत्र येतात, आरत्या होतात, आणि कौलं बदलायचा विषय निघाला की वातावरण तंग होतं. अशा घराला कर्ज मिळत नाही, परवाना मिळत नाही, आणि गावात राहणाऱ्या एकट्या भावाने पदरमोड करून दोन खोल्या नीट केल्या तर त्याच्यावरच संशय घेतला जातो. घरगुती हॉटेलासाठी लागणारी जागा, माड, विहीर, समुद्र सगळं कोकणात आहे. अडतं ते या कागदावर. मालकी सगळ्या भावंडांची राहून चालवण्याचा हक्क वीस-पंचवीस वर्षांसाठी एकाकडे देणारा साधा, स्वस्त, नोंदणीकृत करार तालुक्याच्या गावी सहज करून मिळाला पाहिजे. त्याचा ठरावीक नमुना शासनाने द्यावा, मुद्रांक शुल्क नाममात्र ठेवावं. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं, त्यात या विषयाला जागा द्यायला हरकत नव्हती.

जर्मन राज्यव्यवस्था छोट्या यजमानाला काही ठोस गोष्टी देते. श्वार्त्सवाल्डच्या बहुतांश गावांत मुक्काम केला की पाहुण्याला कोनुस नावाचं कार्ड मिळतं. ते दाखवून मुक्कामाच्या काळात त्या भागातल्या बस आणि स्थानिक रेल्वेगाड्यांत मोफत फिरता येतं. पैसे येतात ते प्रत्येक पाहुण्याकडून रोज घेतल्या जाणाऱ्या छोट्या पर्यटन करातून. त्यामुळे दहा खोल्यांचं घर असलेल्या माणसालाही आपल्या पाहुण्याला तेवढीच सोय देता येते जेवढी शंभर खोल्यांच्या हॉटेलाला. द्राक्ष बागायतदारांसाठी तर नियम आणखी सोपा आहे. वर्षातून चार महिने, चाळीस जणांपुरती बसायची जागा, स्वतःच्या बागेतली वाइन आणि सोबत साधं खाणं, एवढ्यात राहिलं तर दारू विकण्याचा परवाना लागत नाही. दाराबाहेर झाडाची फांदी किंवा केरसुणी टांगली की गावाला कळतं की घर उघडं आहे. नाशिकच्या बागायतदाराने हा नियम जरूर वाचावा, आणि उत्पादन शुल्क खात्यानेही.

करातही सवलत आहे. मुक्कामाच्या बिलावरचा मूल्यवर्धित कर २०१० पासून सात टक्के आहे. जेवणाच्या बिलावरचा कर करोनाकाळात उतरवला होता, तो जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा एकोणीस टक्के झाला. खेड्यातल्या खाणावळींनी त्याविरुद्ध दोन वर्षं आवाज उठवला, आणि जानेवारी २०२६ पासून तो पुन्हा सात टक्क्यांवर आला.

एवढं असूनही ही घरं कमी होत आहेत. बव्हेरियात, स्वाबियात, पूर्वेकडच्या थुरिंगियात, सगळीकडे जुन्या पाट्या उतरत आहेत. कारण कर नाही, कारण मुलं आहेत. आई-वडिलांना शनिवार-रविवार कधी मोकळे मिळाले नाहीत हे पाहून वाढलेली मुलगी वकील होते, मुलगा म्युनिकला गाड्यांच्या कंपनीत जातो. साठीच्या पुढचं जोडपं आणखी दोन-चार वर्षं ओढतं आणि मग दार बंद होतं. इथे आठवडी सुट्टीचा प्रश्न पुन्हा येतो. ज्या घरांनी दोन दिवस बंद ठेवायचं धाडस केलं, जेवणाचे पदार्थ पंचवीसवरून आठावर आणले आणि मुलांना उन्हाळ्यात दहा दिवस समुद्रावर नेलं, त्या घरात पुढच्या पिढीने हो म्हणण्याची शक्यता जास्त आहे. याची आकडेवारी मांडण्याची गरज नाही; कुठलंही शेतकरी कुटुंब हे स्वतःच्या अनुभवावरून सांगेल.

काही गावांनी वेगळा मार्ग काढला. वारस नसलेली खाणावळ गावकऱ्यांनीच सहकारी संस्था काढून घेतली. प्रत्येकाने भाग घेतले, सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन भिंती रंगवल्या, आणि चालवायला कुणाला तरी भाडेपट्ट्याने दिली. बव्हेरियात अशी उदाहरणं आहेत. हा मार्ग मराठी वाचकाला परका वाटायला नको. वेस्टरवाल्ड भागात जन्मलेल्या फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात खेड्यांसाठी पतसंस्था उभ्या केल्या. त्यांच्या प्रारूपाचा अभ्यास करूनच हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्यापर्यंत महाराष्ट्राने त्या बीजाचं काय केलं ते सर्वांना माहीत आहे. ऊस, दूध, पतपेढी, सूतगिरणी इतकं सगळं सहकारात करून दाखवणाऱ्या राज्यात मुक्कामाच्या घरांच्या सहकारी संस्थेचा विचार मात्र क्वचितच होतो. एका गावातल्या पंधरा घरांनी मिळून एक आरक्षण कार्यालय, एक धुलाईघर, एक आळीपाळीची सुट्टी ठेवली, तर आज संकेतस्थळांना जाणारी दलाली गावात राहील आणि एका घराची चूल बंद असेल त्या दिवशी पाहुणा शेजारच्या ओटीवर जेवेल.

आणि आता तर या दोन प्रदेशांत थेट नातं जुळलं आहे. श्वार्त्सवाल्ड ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात येतं, त्या राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांच्याबरोबर आचारी, वाढपी, स्वागतकक्षातले कर्मचारी आणि खोल्यांची देखभाल करणारे यांचाही त्यात समावेश आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची भगिनी शहरं. म्हणजे पुढच्या काही वर्षांत श्वार्त्सवाल्डमधल्या एखाद्या बारा खोल्यांच्या घरात न्याहारीचं अंडं मांडणारे हात सावंतवाडीचे किंवा श्रीवर्धनचे असू शकतात.

अशा मुलामुलींना मोठ्या साखळी हॉटेलात पाठवलं तर पगार मिळेल आणि एका विभागाचं काम येईल. घरगुती हॉटेलात पाठवलं तर खरेदी, स्वयंपाक, खोल्या, हिशेब, पाहुण्याशी बोलणं, हिवाळ्यातली दुरुस्ती आणि कर भरणं हे सगळं एकाच छपराखाली शिकायला मिळेल. त्यांतल्या सगळ्यांनी परत यावं अशी अपेक्षा धरू नये. तिथल्या वारस नसलेल्या घरांनाही माणसं हवीच आहेत. जे परततील त्यांच्यासाठी मात्र तीन गोष्टी आजच करता येतील. निवड करणाऱ्या यंत्रणेने वीस खोल्यांच्या आतल्या कुटुंबांशी थेट पत्रव्यवहार करून त्यांच्याकडे काही जागा राखून घ्याव्यात. तिथे काढलेल्या वर्षांचं प्रमाणपत्र इथे पर्यटन व्यवसायाचं कर्ज देताना बँकांनी अनुभव म्हणून मोजावं. आणि भाषेच्या वर्गात पुस्तकी जर्मनसोबत स्वाबियन आणि आलेमानिश बोलींचे काही तास ठेवावेत, कारण श्टामटिशवर बसलेला सुतार पुस्तकी जर्मन बोलत नाही.